पत्त्यांच्या कारखान्यातल्या मेकॅनिकने गेमबॉय बनवला, आणि गेम नक्की कुणाचा हा प्रश्न मागे ठेवला

हातातल्या कन्सोलवर नवा गेम घ्यायचा म्हटलं की आज दोन रस्ते असतात. एक म्हणजे कार्ट्रिज विकत घ्यायचं. कार्ट्रिज म्हणजे नव्वदच्या दशकात आपण ज्याला व्हिडिओ गेमची कॅसेट म्हणायचो ते. दुसरा रस्ता म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून गेम डाउनलोड करायचा.

कार्ट्रिज हरवतं, तुटतं, पण मित्राला देता येतं आणि कंटाळा आला की विकताही येतं. डाउनलोड केलेला गेम हरवत नाही, रात्री बारा वाजता घरबसल्या मिळतो. पण तो कार्ट्रिजसारखा कुणालाही देता येत नाही, विकता तर अजिबात येत नाही. आणि उद्या कंपनीने ते दुकानच बंद केलं तर काय, ही धाकधूक वेगळी.

हा वाद अगदी आजचा वाटतो. पण त्याची मुळं शोधत गेलं की आपण जपानमधल्या एका माणसापाशी येऊन पोहोचतो. त्याचं नाव गुनपेई योकोई. १९९७ साली तो गेला. ऑनलाइन दुकानातून गेम विकत घेणं त्याने कधी पाहिलंच नाही, पण गेम यंत्रात असावा की यंत्राबाहेर, या प्रश्नाची दोन्ही टोकं त्याच्याच टेबलावर तयार झाली.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले. मोठ्या कंपन्यांत काही नोकरी लागली नाही, मग १९६५ साली गावातल्याच एका कंपनीत रुजू झाले. ही कंपनी १८८९ पासून हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवायची. कंपनीचं नाव निन्टेंडो. योकोई यांचं काम होतं पत्ते छापणारी यंत्रं चालू ठेवायचं. थोडक्यात, मेंटेनन्सचा माणूस.

यंत्रं नीट चालली की मेंटेनन्सवाल्याला काम नसतं. योकोई रिकाम्या वेळात काहीतरी खुडबुड करायचे. एकदा त्यांनी पट्ट्यांची कात्रीसारखी जाळी करून एक लांब होणारा हात बनवला. मूठ दाबली की हात पुढे जातो, लांबची वस्तू पकडतो. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची यांनी ते पाहिलं. योकोई यांना वाटलं आता बोलणी बसणार. यामाऊचींनी सांगितलं, हे खेळणं म्हणून बाजारात आणा. १९६६ साली ते अल्ट्रा हँड या नावाने आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. मेंटेनन्सचा माणूस खेळणी बनवणारा झाला तो तिथून.

पुढे त्यांनी घरात खेळायचं चेंडू फेकणारं यंत्र केलं. १९६९ मध्ये लव्ह टेस्टर आला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांनी दोन गोळे पकडायचे, आणि काटा म्हणे प्रेम किती आहे ते दाखवणार! प्रत्यक्षात ते शरीरातून जाणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजणारं साधं मीटर होतं. तंत्रज्ञान जुनंच होतं, योकोई यांनी त्याला फक्त नवं काम दिलं. त्या काळच्या जपानमध्ये मुलाने मुलीचा हात धरायला ते निमित्त झालं, खरी गंमत तीच.

योकोई यांची कामाची पद्धत अशीच होती आणि ती पुढे जगभर गाजली. नवं, महाग, अजून कच्चं असलेलं तंत्रज्ञान घेऊ नका. जे मुरलंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोड्या सगळ्यांना माहीत झाल्यात, ते घ्या आणि त्याला कुणी कल्पना केली नसेल अशा जागी बसवा. आपल्याकडे मुरलेल्या लोणच्याला जी किंमत आहे, ती योकोई यांनी मुरलेल्या तंत्रज्ञानाला दिली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सगळ्यात मुरलेलं तंत्रज्ञान कोणतं होतं? कॅल्क्युलेटरचं. शार्प आणि कॅसिओ यांच्यात स्वस्त आणि पातळ कॅल्क्युलेटर बनवायची अशी चढाओढ लागली होती की आतल्या चिप आणि एलसीडी पडद्याची किंमत घसरत चालली होती. किस्सा असा सांगतात की योकोई बुलेट ट्रेनने जात असताना एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. वेळ घालवायला मोठ्या माणसालाही हळूच, कुणाला न दिसता खेळता येईल असं काहीतरी हवं, हे त्यांच्या डोक्यात आलं. पुढे एकदा यामाऊचींचा ड्रायव्हर आजारी होता म्हणून योकोई यांनीच त्यांची गाडी चालवली आणि वाटेत ही कल्पना सांगून टाकली. यामाऊचींनी ती थेट शार्पच्या प्रमुखांच्या कानावर घातली. शार्पलाही एलसीडीसाठी नवं गिऱ्हाईक हवंच होतं.

२८ एप्रिल १९८० ला पहिलं गेम अँड वॉच आलं. नाव बॉल, किंमत ५,८०० येन. एक माणूस चेंडू झेलतोय, आपण त्याचे हात डावी-उजवीकडे हलवायचे, बास. खेळत नसाल तेव्हा ते घड्याळ. बटण सेलवर चालायचं.

आता इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आजच्या पडद्यावर बारीक ठिपके असतात आणि त्यांतून कोणतंही चित्र तयार होतं. बॉलच्या पडद्यावर तसं काही नव्हतं. चेंडू जिथे जिथे दिसणार त्या प्रत्येक जागी चेंडूच्याच आकाराचा एक तुकडा काचेत आधीच कोरलेला होता. हाताच्या प्रत्येक अवस्थेचा वेगळा तुकडा. चिप फक्त ठरवायची की आत्ता कोणता तुकडा काळा करायचा. म्हणजे चित्रं यंत्रातच घडवलेली. बॉलच्या यंत्रात दुसरा गेम घालणं अशक्य होतं, जसं भिंतीवरच्या घड्याळाला रेडिओ बनवता येत नाही तसं. गेम म्हणजेच यंत्र.

दुसरा गेम हवा? दुसरं यंत्र घ्या. लोकांनी घेतलीही. १९९१ पर्यंत जवळपास ६० वेगवेगळी गेम अँड वॉच निघाली आणि जगभरात ४ कोटी ३४ लाख खपली. १९८२ च्या डाँकी काँगवर योकोई यांनी जागा वाचवायला अंगठ्याखाली बसेल असं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण लावलं. आज प्रत्येक गेम कंट्रोलरवर ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात जो ब्रिक गेम मिळायचा, तो याच कुळातला. त्याच्या पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांची जाळी होती म्हणून एकाच यंत्रात बरेच गेम बसायचे, आणि डब्यावर ९९९९ इन १ असं ठोकून दिलेलं असायचं. पण आत जे आहे ते आहे. नवं काही घालायची सोय नाही.

बदलता येणाऱ्या कार्ट्रिजचं पहिलं हातातलं यंत्र योकोई यांचं नव्हतं. ते १९७९ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने काढलं, मायक्रोव्हिजन नावाचं. त्याची गंमत म्हणजे यंत्राला स्वतःचा मेंदूच नव्हता. प्रोसेसर प्रत्येक कार्ट्रिजमध्ये असायचा, यंत्र म्हणजे फक्त पडदा, बटणं आणि सेलचा डबा. पडद्यावर १६ बाय १६ ठिपके. त्यात फार काही दाखवता यायचं नाही आणि ते लवकरच बाजारातून गेलं.

मधल्या काळात १९८३ मध्ये निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं फॅमिकॉम आलं. ते मासायुकी उएमुरा यांचं काम. तोवर योकोई यांच्याच देखरेखीखाली शिगेरू मियामोतो नावाच्या तरुणाने १९८१ मध्ये डाँकी काँग हा आर्केड गेम केला होता. फॅमिकॉमने एक गोष्ट पक्की केली: यंत्र एकदा विका आणि नंतर वर्षानुवर्षं कार्ट्रिज विकत राहा.

हेच हातातल्या यंत्रात आणायचं ठरलं. पण कसं, यावर योकोई यांच्याच विभागात मतभेद होते. ही बाजू बऱ्याच लेखांतून सुटते. योकोई यांच्या मनात गेम अँड वॉचचा पुढचा अवतार होता, म्हणजे साधं, स्वस्त, काही काळ विकून संपणारं खेळणं. त्यांचे सहकारी सातोरू ओकाडा यांना मात्र बाहेरच्या कंपन्याही वर्षानुवर्षं ज्यासाठी गेम बनवतील असं, फॅमिकॉमच्या तोडीचं यंत्र हवं होतं. ओकाडांनी हट्ट धरला आणि शेवटी योकोई यांनी त्यांना मोकळीक दिली. माझ्या मते गेमबॉय टिकला तो या भांडणामुळेच. स्वस्त, दणकट आणि सेल वाचवणारं अंग योकोई यांचं. आणि पुढची दहा-बारा वर्षं नवनवे गेम खाणारं तोंड ओकाडांचं.

२१ एप्रिल १९८९ ला गेमबॉय जपानमध्ये आला. किंमत १२,५०० येन. पडद्यावर १६० बाय १४४ ठिपके, रंग नाहीत, हिरवट पार्श्वभूमीवर करड्याच्या चार छटा, आणि मागे दिवाही नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचं लिंक्स आलं, रंगीत आणि दिव्याचं. पुढच्या वर्षी सेगाचं गेम गिअर, तेही रंगीत. दोघांनाही सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत झोपायचे. गेमबॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा, आणि अमेरिकेत त्याची किंमत लिंक्सच्या जवळपास निम्मी होती. मुलांच्या खिशाला काय परवडतं हे योकोई यांना नीट कळलं होतं. गेमबॉय आणि नंतरचा गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त खपले.

आता त्या करड्या कार्ट्रिजच्या आत बघू.

आत एक छोटी सर्किटची पाटी आणि त्यावर रॉम चिप. गेमची माहिती कारखान्यात चिप बनवतानाच तिच्या रचनेत उतरवलेली असते. ती पुसता येत नाही आणि टिकवायला वीजही लागत नाही. गेमबॉयसोबत अमेरिकेत जो टेट्रिस फुकट मिळायचा, तो अख्खा गेम ३२ किलोबाइटमध्ये मावला होता. आज मोबाइलवर आलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

कार्ट्रिज लावून स्विच सरकवला की निन्टेंडोचं नाव वरून खाली येतं. ती नुसती सजावट नव्हती. ते नाव कार्ट्रिजमधून वाचलं जायचं आणि यंत्रातल्या नमुन्याशी ताडून पाहिलं जायचं. जुळलं नाही तर यंत्र तिथेच अडून बसायचं. म्हणजे कार्ट्रिज तुमच्या हातात असलं तरी कुणाचं कार्ट्रिज चालेल हे कंपनीच ठरवत होती. कार्ट्रिजचा काळ अगदी मोकळाढाकळा होता असं समजायचं कारण नाही.

कार्ट्रिजचे तोटेही खरे होते. चिप महाग. गेम बनवणाऱ्या कंपनीला आधी निन्टेंडोकडे हजारो कार्ट्रिज नोंदवावी लागायची, पैसे आधी द्यावे लागायचे, आणि गेम पडला की माल अंगावर. शिवाय एकदा चिप बनली की चूक कायमची. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉनमध्ये ठरावीक पायऱ्या केल्या की मिसिंगनो नावाचा एक अर्धवट, तुटका प्राणी दिसतो. ती प्रोग्रामची चूक आहे. आज अशी चूक एका अपडेटमध्ये जाते. त्या कार्ट्रिजमध्ये ती आजही तशीच आहे.

पण याच पोकेमॉनने कार्ट्रिजला एक वेगळीच किंमत आणून दिली. तुमचे पकडलेले प्राणी तुमच्या कार्ट्रिजमध्ये राहायचे आणि केबल जोडून मित्राच्या कार्ट्रिजमध्ये पाठवता यायचे. दोन मुलांकडची दोन कार्ट्रिज दुकानातून सारखीच आलेली, महिन्याभरात पूर्णपणे वेगळी झालेली. हे प्राणी मात्र रॉममध्ये नसतात. ते दुसऱ्या एका चिपमध्ये असतात आणि तिला सतत वीज लागते. म्हणून आत एक चपटा सेल डाक मारून बसवलेला असतो. तो सेल काही वर्षांनी, फार तर दोन-तीन दशकांनी संपतो. तेव्हा गेम शाबूत राहतो, पण लहानपणी जमवलेलं सगळं पुसलं जातं. सेल बदलता येतो. गेलेले प्राणी परत येत नाहीत.

पोकेमॉन आला तोवर योकोई यांचे निन्टेंडोतले दिवस संपत आले होते. १९९५ मध्ये त्यांनी व्हर्च्युअल बॉय काढला, डोळ्यांना लावून लाल रंगातली खोलीची चित्रं पाहायची. टेबलावर ठेवून मान वाकवून खेळावं लागायचं, डोळे दुखायचे, आणि जेमतेम २२ गेम निघाले. वर्षभरात तो बंद पडला. पुढच्या वर्षी दोन बारीक सेलवर चालणारा गेमबॉय पॉकेट देऊन, ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर ते बाहेर पडले. अपयशामुळे त्यांना काढलं असं तेव्हा खूप बोललं गेलं. पण स्वतःचं काहीतरी करायचा विचार त्यांच्या मनात त्याआधीपासून होता.

क्योटोतच त्यांनी कोतो नावाची कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नवं हातातलं यंत्र आखायला घेतलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागात होकुरिकू एक्स्प्रेसवेवर ते बसलेल्या गाडीचा किरकोळ अपघात झाला. काय झालं ते पाहायला खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

ते यंत्र, वंडरस्वान, मार्च १९९९ मध्ये आलं. किंमत ४,८०० येन, म्हणजे १९ वर्षांपूर्वीच्या बॉलपेक्षाही कमी. एका पेन्सिल सेलवर तीस-चाळीस तास चालायचं. सुरुवातीच्या गेमपैकी एका कोड्याच्या गेमला त्यांचंच नाव दिलं होतं, गुनपेई.

त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधीच, सप्टेंबर १९९७ मध्ये, जपानमधल्या लॉसन या दुकानांत निन्टेंडोने एक नवी सोय सुरू केली होती. कोरं कार्ट्रिज घ्यायचं, दुकानातल्या यंत्रात घालायचं आणि हवा तो गेम त्यावर लिहून घ्यायचा. कंटाळा आला की दुसरा. आधी ती घरातल्या सुपर फॅमिकॉमसाठी होती, २००० मध्ये गेमबॉयसाठीही आली. डबा तुमचा, आतला गेम स्वतंत्र. २००७ मध्ये ही सोय बंद झाली.

सोनीने २००९ मध्ये पुढची पायरी गाठली. पीएसपी गो या यंत्रात डिस्क घालायला जागाच नव्हती, सगळे गेम डाउनलोडचे. ते साध्या पीएसपीपेक्षा महाग होतं आणि ज्यांनी आधी पीएसपीच्या डिस्क जमवल्या होत्या त्यांच्या त्या डिस्क इथे निरुपयोगी. लोकांनी पाठ फिरवली. पण दिशा तीच राहिली.

२७ मार्च २०२३ ला निन्टेंडोने ३डीएसचं ऑनलाइन दुकान बंद केलं. आधी घेतलेले गेम परत डाउनलोड करता येत होते, नवीन विकत घेता येईनात. काही गेम फक्त तिथेच होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यास करून दाखवलं की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात कोणत्याच रूपात मिळत नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात कायदाच लागू झाला, की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी नव्हे, फक्त वापरायचा परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगायचं. आणि जून २०२५ च्या स्विच २ सोबत एक चमत्कारिक मधला प्रकार आला: दुकानातून कार्ड विकत घ्यायचं, पण त्यात गेम नाही, फक्त किल्ली. गेम डाउनलोडच करायचा आणि खेळताना कार्ड मात्र आत घालून ठेवायचं. ते कार्ड मित्राला देता येतं, विकता येतं, हे खरं. पण डाउनलोड बंद झालं की ते निव्वळ प्लॅस्टिक.

योकोई यांच्या एकाच गेमचं उदाहरण घ्या. सुपर मारिओ लँड, त्यांच्या विभागाने गेमबॉयसोबत १९८९ मध्ये काढलेला. २०११ मध्ये तो ३डीएसच्या ऑनलाइन दुकानात आला, २०२३ मध्ये दुकानाबरोबर गेला. २०२४ मध्ये तो स्विचवर परत आला, पण विकायला नाही. निन्टेंडोची वर्गणी भरा तोवर खेळा.

त्याचं १९८९ चं कार्ट्रिज जपानच्या सेकंडहँड दुकानांत अजून मिळतं. त्यात खेळ जतन करायची सोयच नव्हती, म्हणून आत संपणारा सेलही नाही. लावल्यावर चालू झालं नाही तर फुंकर मारू नका, तोंडाच्या ओलाव्याने दाते गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दाते पुसा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा लावा.